चार नंबरला मीच हात लावला

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. दोन आठवडे रोज मोबाइल हातात घेतो, चार ओळी लिहितो आणि पुसून टाकतो... आज पुसणार नाही.

आमची सुजाता पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या ऑफिसातली काही माणसंही मी इथं मोबाइलवर लिहितो ते वाचतात. खरं तर हे त्यांच्यासाठीच आहे.

मी सातवी नापास. तिनं समजावलं तेवढंच सांगतो. कम्प्युटरच्या सगळ्यात तळाशी एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळं त्याच्यावर उभं. तो नीट चालतो की नाही हे माणसानं न बघता मशीननं स्वतःच तपासावं, अशी व्यवस्था लावणं हे तिचं काम.

दसऱ्याला ती गावी, कुरुंद्याला आली आणि पुढच्या खोलीत फळीवर सहा मशिनं मांडून गेली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, एवढीशीच. पुण्याच्या ऑफिसात लाईट जात नाही, आमच्याकडे न सांगता जाते... तिला तेच पाहिजे होतं. लाईट आली की मशीननं आपोआप उठायचं, स्वतःला तपासायचं आणि निकाल तिच्याकडे पाठवायचा.

मी विचारलं, "आन् एखाद्याचा निकाल आलाच न्हाई तर?"

"मग तोच निकाल, बाबा. गप बसलं म्हणजे पडलं."

जाताना उंबऱ्यात थांबून परत बजावलं, "हात लावायचा न्हाई हं. पडलं तर पडू द्या. तुमी उचललं तर मला कळणार कसं, ते आपलं आपण उठतं का न्हाई?"

आता माझं सांगतो. मी तीस वर्षं ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या मोटारीवर होतो. लाईट आली की सायकल काढायची, विहिरीवर पळायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. जरा उशीर झाला की बाया रिकामे हंडे घेऊन दारात. शेवटी शेवटी मोटारीला ऑटो बसवलं, ती आपोआप सुरू व्हायची. तरी मी जाऊन उभा राहायचोच. भरवसा नव्हता...

लाईट आल्यावर पाच मशिनांवर हिरवा दिवा लागायचा. चार नंबर लाल होऊन बसायचं. पहिल्या वेळी अर्धा तास बघत बसलो. छातीत धडधड. पोरीचं मशीन नापास झालं, आता साहेब तिला काय बोलेल... उठलो, त्याची वायर काढली, परत लावली. हिरवा! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

शेजारचे गंगाधरराव खिडकीतून बघत होते. म्हणाले, "काय ऑपरेटर, आता कम्प्युटरला बी पाणी सोडून राहिले का?" मी हसलो. मग चार महिने हेच. लाईट आली की मी फळीपाशी हजर. वसमतला भाचीचं लग्न होतं, तिथंही गेलो नाही.

मला काय माहीत, सुजातानं कर्नलची एक चूक दुरुस्त केली होती आणि ती दुरुस्ती चार नंबरातच तपासायला घातली होती. निकाल सगळे पास. म्हणून ती दुरुस्ती पुढे लोकांच्या मशिनांत गेली... आणि लाईट गेल्यावर त्यांची मशिनं उठेनात.

शोध घेतला तेव्हा निघालं की लाईट एकदा आली, आणि चार नंबर मात्र दोनदा सुरू झालं. दर वेळी. साहेबांनी विचारलं, पडलेली तपासणी लपवून परत कोणी चालवली?

सुजाता घरी आली. बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तुमी हात लावला का?" आवाजात राग नव्हता.  तरी मी म्हणालो, "न्हाई गं बाई. शपथ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मग झालं. तुमी खोटं बोलणार न्हाई." तेच तिनं ऑफिसला लिहून दिलं... घरातून मी नाही, तर पुण्यात बसून मशीन परत सुरू करू शकणारं उरलं कोण? तीच. तिला त्या कामावरून बाजूला केलं. पाच मशिनं ती घेऊन गेली. चार नंबर तेवढं नको म्हणाली, ते फळीवरच राहिलं.

पंधरा दिवसांपूर्वी फोनवर सांगून टाकलं एकदाचं.  ती म्हणाली, "असं काहून केलं, बाबा?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

साहेब लोकहो, पोरीनं काही लपवलेलं नाही. हात माझा होता आणि खोटंही माझंच. तुम्ही बोलवाल तिथं येऊन हेच सांगेन. माझ्या लेकरानं कधी कॉपी केली नाही, शाळेतसुद्धा. तिच्या नावाला डाग लागला तो माझ्या मायेनं... याला माया तरी म्हणावं का? पोरीपेक्षा मला माझीच धडधड थांबवायची होती, असं आता वाटतं.

काल दुपारी लाईट गेली आणि आली. चार नंबर लाल होऊन बसलंय. मी समोर खुर्ची टाकून बसलोय, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून... सुजा, अजून वायर काढलेली नाही. आता काढणारही नाही.

गप बसलं म्हणजे पडलं, असं तूच म्हणाली होतीस. पोरी, तू तशी गप बसू नको. शिव्या घाल, वाटेल ते बोल... पण एक ओळ पाठव. लवकर पाठव, मी वाट बघून राहिलो.