अंडी फोडायला मी, पेशी वाढवायला त्या

मॅडमनी माझा हात धरला आणि स्वतःच्या नाकाजवळ नेला. सगळ्या लॅबसमोर. हुंगला. मग सोडला, आणि आपली बोटं रुमालाला पुसली.

"सकाळी काय साफ करून आलीस? बोंबील?"

कोणीतरी हसलं. काहीच साफ केलं नव्हतं मी. आई पहाटेच टोपली घेऊन अंधेरीच्या बाजारात गेली होती आणि मी वर्सोव्याहून सरळ लॅबला आले होते. आणि समजा केले असते साफ, तर?

झालं होतं असं की बाटल्यांत वाढवलेल्या सगळ्या पेशींवर बुरशी आली होती. पेशी ज्यात वाढतात त्या गुलाबी पाण्यावर पांढरा कापूस तरंगत होता.

गिरण्यांचा संप मोडल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. मी एम.एस्सी.ला होते. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या, हे आम्ही शिकत होतो. त्यासाठी काचेची बंद खोली. आत हुड, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं कपाट. त्या हुडवर बसायला मिळालं तरच प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्ट झाला तरच डिग्री.

बाकीच्या मुली शाकाहारी. अंड्यातलं पिल्लू हललं की त्यांना मळमळायचं. मॅडम मला म्हणाल्या, "तू कर गं, तुला सवय आहे." कसली सवय? मेलेला मासा वेगळा आणि चिमट्यात वळवळणारा जीव वेगळा. पहिल्या दिवशी मी संडासात जाऊन ओकले. कोणाला सांगितलं नाही. वाटायचं, हे केलं की हुड मिळेल. बाहेरच्या टेबलावर मी गर्भ काढून वाटीत द्यायची, त्या मुली वाटी घेऊन आत जायच्या, दार लागायचं. "तुझी पाळी दसऱ्यानंतर," मॅडम म्हणायच्या.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, हुडमध्ये झेंडूच्या माळा आणि अगरबत्ती. अगरबत्तीचा धूर उडतो म्हणून हुडची हवा बंद केली. सगळे आत गेले, मॅडमचे यजमानसुद्धा. मला म्हणाल्या, "तू दारातच थांब, प्रसाद आणून देते." थांबले. काय करणार? सुट्टीभर माळा आतच सुकत राहिल्या.

सुट्टी संपून आलो तर बुरशी. कुठून आली ते लॅबमधल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, माळा आत होत्या."

"म्हणजे देवाने आणली बुरशी?" मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "तुमच्याकडे सुकट वाळत घालतात. तिथून येते ती. हुडचं विसर आता. अंडी फोडायची आणि काचेची भांडी धुवायची."

शेजारच्या मैत्रिणीने कोपर मारलं. "सॉरी म्हण ना यार. वाट लागेल तुझी."

लागायची राहिली होती कुठे?

पुढच्या आठवड्यात नवी अंडी आली. मॅडमनी ट्रे माझ्यापुढे सरकवला. मी चिमटा उचलला आणि परत ठेवला.

"मी फोडणार नाही. ज्यांना पेशी वाढवायच्यात त्यांनी फोडा."

कोणी पुढे आलं नाही. मैत्रिणीने मान खाली घातली. आतली पिल्लं मोठी झाली, ती अंडी वाया गेली. मग मॅडमनी गोरेगावहून एक माणूस रोजावर आणला. त्याने फोडली. माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

माझा प्रोजेक्ट झाला नाही, डिग्री मिळाली नाही. दुसऱ्या लॅबमध्ये विचारायला गेले, तिथे मॅडमचा फोन आधीच पोचलेला. आई विचारायची, "कवा संपल गो बाय तुजा शिकना?" संपलं, मी सांगितलं. ती रडली. मला रडूही आलं नाही, नुसता संताप.

आता घाटकोपरला एका पॅथॉलॉजीत आहे. काचपट्टीवरच्या मेलेल्या पेशी बघते. जिवंत वाढवायला मला कोणी शिकवलं नाही, आणि आता शिकवणारही नाही. परवा इथले डॉक्टर म्हणाले, "ते लघवीचे डबे तू धुऊन टाकत जा ना. तुला काही वाटत नाही."

मला वाटतं. तुम्हाला वाटतं तेवढंच. मी म्हटलं, "पाळी लावा. माझं नाव घाला, तुमचंही घाला. नाहीतर मला काढून टाका."

अजून पाळी लावलेली नाही. डब्यांचा वास आता दारापर्यंत येतो. मी हात लावलेला नाही, लावणार नाही.