भागरथेची तुरपई

गुडीहत्नूरच्या बयनाबाईनं उभं आयुष्य शिलाई मशीनवर काढलं. तिची आई भागरथा ती लहान असतानाच गेली. दिवसभर मजुरी करून ती माउली फावल्या वेळात बायकांच्या चोळ्या हातानं शिवायची. तिचा ना फोटो उरला होता, ना एखादं लुगडं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावची मयूरी एक जुनी खणाची चोळी घेऊन आली.

"सासूबाईची हाय, काकू. पाठीत फाटली. मापासाठी उसवली तरी चालते, पण अशीच नवी शिवून द्या."

बयनाबाईनं सवयीनं चोळी उलटी केली आणि तिचा हात थांबला. काठाची सगळी तुरपई उलट्या बाजूला कललेली होती. डाव्या हातानं शिवणाऱ्याचीच अशी पडते. काखेत कापडाची चौकोनी कळी जोडलेली होती आणि कळीच्या टोकाला, जिथं ताण बसतो तिथं, बारीक तिकोनी चिंधी लावलेली. आई डावखुरी होती. अशा चिंध्या कापून द्यायचं काम तिनं लहानग्या बयनालाच दिलं होतं.

बयनाबाई कात्री बाजूला ठेवून मयूरीसोबत थेट तिच्या घरी गेली.

"चोळी कोणं शिवली जी?" चोळी पुढं करत तिनं मयूरीच्या म्हाताऱ्या सासूला, जयवंताबाईला विचारलं.

"भागरथानं. माह्या लग्नातली हाय. लेकरं झाल्यावर आंगात शिरेना, तवा तिनंच ढिली करून देल्ली. शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडून ठेवली व्हती ना! लय हासरी बाई. काऊन विचारून राह्यली?"

"ते माही माय व्हती."

जयवंताबाईनं चोळी तिच्या ओंजळीत दिली. "मंग हे तुह्यापाशीच राहू दे."

आई हसरी होती, हे बयनाबाईला त्या दिवशी कळलं.

रिठ्याच्या पाण्यात तिनं चोळी न पिळता धुतली, चादरीवर पसरून सावलीत वाळवली. फाटलेल्या पाठीला आतून मऊ मलमलचा आधार दिला. टाके सैल घातले, आईचा एकही दोरा काढला नाही. मग घडी न घालता, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवली.

जयवंताबाईची नवी चोळी तिनं पूर्ण हातानं शिवली. ती घालून म्हातारी स्वतः दुकानात आली, खुर्चीत बसली अन् भागरथेच्या गोष्टी सांगू लागली. बयनाबाईनं मशीन थांबवली, चहा मांडला आणि ती भरल्या डोळ्यांनी ऐकत राहिली.