चार डोसांची बाटली

बाटली हातात आली की आधी हलवायची. मग उजेडात धरायची. वास घ्यायचा, पण बाटलीला नाक लावून नाही. तळहाताने हवा नाकाकडे ओढून. झाकण ठेवायचं ते उलटं, आतली बाजू वर. लेबल वाचायचं ते कारखान्याच्या पत्त्यापर्यंत. फडक्याची चौघडी करायची म्हणजे आठ बाजू मिळतात. एक मळली की पुढची. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. आणि कुणी "काय चाललंय?" विचारलं की "काही नाही" म्हणायचं.

हे नियम ज्यांचे, त्यांना इमारतीत सगळे कंपाउंडर म्हणत. चौतीस वर्षं ते एका दवाखान्याच्या खिडकीमागे उभे होते. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, कंपाउंडर मिक्श्चर बनवत, बाटलीत भरत, आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत. पट्टी आधी दुमडून कोपरे कापले की तिला सारख्या अंतरावर खाचा पडतात. एक खाच म्हणजे एक डोस. पुढे गोळ्या पाकिटातून येऊ लागल्या आणि पट्टीचं काम संपलं. हाताची सवय मात्र गेली नाही. घरातल्या फिनेलच्या बाटलीवरही पट्टी होती.

गाडी त्यांच्या बायकोची. ती शाळेत शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची बाई. गाडी लहान, गडद निळी, एकोणीस वर्षांची. ती चालवायची बाईंनी आणि धुवायची कंपाउंडरनी. त्यांनी स्वतः एकदाच गाडी चालवून पाहिली होती. फाटकाच्या खांबाला खूण अजून आहे. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला तो फक्त पुसायला.

आठ महिन्यांपूर्वी बाईंचा डावा डोळा अधू झाला. गाडी थांबली. इमारतीला शेड नव्हती, गाडी उन्हात उभी राहायची, आणि बॉनेट तर आधीपासूनच पांढुरकं पडत चाललं होतं. लेकीला गाडी हवी होती. जावयाने फोटो पाहिला आणि तो म्हणाला की गाडीला त्वचारोग झालाय, अशी गाडी दारात उभी करायची कशी. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या रविवारी दोघं येऊन गाडी बघतील. पसंत पडली तर नेतील. नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. बाईंनी त्याला फोनही करून ठेवला होता. त्यांना रेंगाळलेली कामं आवडत नसत.

 जेवण झाल्यावर कंपाउंडरनी पिशवी घेतली आणि ते गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले.

"काका, हे घ्या," दुकानदाराने एक बाटली पुढे सरकवली. बाटलीवर वाघ होता. "एकदा मारलं की बॉनेटमध्ये तोंड दिसेल."

"माझं तोंड मला माहीत आहे. यात काय आहे ते सांगा."

"फॉर्म्युला आहे काका."

"तो मागे लिहिलेला असतो. इथे मागेही वाघच आहे."

दुकानदार हसला. मग त्याने फळीवरच्या सगळ्या बाटल्या उतरवल्या आणि स्टूल दिलं. कंपाउंडर पाऊण तास वाचत बसले. डॅशबोर्ड चमकवायचा द्रव त्यांनी लगेच परत केला. मागे एकदा तो लावला होता, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "समोरच्या काचेत डॅशबोर्ड दिसतोय. रस्ता कुठाय?" चाकं साफ करायचं आम्ल त्यांनी वास न घेताच बाजूला ठेवलं. शाम्पूचा थेंब लिटमसच्या कागदावर टाकला. कागद खिशातून निघाला, त्याचं दुकानदाराला फार नवल वाटलं. कागदाचा रंग बदलला नाही. शाम्पू पिशवीत गेला. बॉनेटसाठी मात्र एक औषध ठरेना. त्यांनी पाच घेतली: डब्यातली घट्ट पेस्ट, जाडसर क्रीम, पातळ पॉलिश, मेण आणि आग्रहाखातर वाघ.

घरी बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"भांड्यांचा साबण चालला नसता?"

"तो चिकटपणा काढतो. गाडीवर मेण असतं, तेही काढतो."

"म्हणजे भांड्यांना चांगला, गाडीला वाईट. आणि माझ्या हातांना?"

"हातमोजे आणून दिलेत की."

"दिलेत. गाडीला मायक्रोफायबर, मला रबर."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काम सुरू झालं. कंपाउंडरचा नियम साधा होता: नवं औषध आधी थोडं, लपलेल्या जागी, आणि मग एक दिवस वाट बघायची. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची आतली बाजू त्यांनी निवडली. तिथे काही बिघडलं तरी कुणाला दिसणार नव्हतं. सोमवारी पेस्ट, मंगळवारी क्रीम, बुधवारी पॉलिश, गुरुवारी मेण, शुक्रवारी सकाळी वाघ, त्याला फक्त दुपारपर्यंत. रोज एक बोटभर जागा. वहीत वेळ, फडक्याची बाजू, वास. पाचही औषधं उत्तीर्ण झाली. तेवढं झाकण आरशासारखं लखलखत होतं. कंपाउंडर खूश होते. वाघसुद्धा पास झाला याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी बाई काठी घेऊन खाली आल्या. चांगला डोळा त्यांनी झाकणाजवळ नेला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "लावायच्या आधी कसं होतं?"

कंपाउंडर वहीची पानं उलटू लागले.

"अहो, मी काय विचारतेय? आधी कसं होतं?"

"नव्यासारखं. इथे ऊन लागत नाही ना."

"म्हणजे पाच दिवस धडधाकट माणसाला औषध पाजलंत."

कंपाउंडर बुटक्या स्टुलावर बसले. बॉनेटकडे बघत राहिले. बॉनेट होतं तसंच होतं, वाळलेल्या खडूच्या फळ्यासारखं.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले.

"काय चौतीस वर्षं?"

"एकदाही असं केलं नाही मी."

"तेव्हा पेशंट डॉक्टर बघायचे. तुम्ही बाटल्या भरायचात."

त्यांनी चष्मा काढला. मग हसू लागले. खांदे हलायला लागले. बाईही हसल्या आणि गाडीला टेकल्या. एवढं हसताना त्या दोघांना इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून कंपाउंडर म्हणाले, "आता दिवस नाहीत गं."

"एक आहे. कुठे सगळ्यात वाईट आहे ते मी दाखवते. तुम्ही कागदाची टेप आणा."

बॉनेटवरचा सगळ्यात मेलेला भाग बाईंनी काठीने दाखवला. तिथे टेपने तीन चौकोन पडले. मेण आणि वाघ वरवरचे, ते आता बादच होते. पेस्टने रंग उघडला, पण बारीक गोल ओरखडे उठले. क्रीमने चकाकी आली आणि फडकं गर्द निळं झालं. कंपाउंडरनी ते फडकं बराच वेळ हातात धरलं. हा जुन्या पद्धतीचा रंग. त्यावर वेगळा पारदर्शक थर नसतो. जे फडक्यावर येतं ते गाडीवरून गेलेलं असतं. पातळ पॉलिश हळू होतं. एका हातात फरक दिसेना, दोन हातांत दिसला. फडक्यावर जेमतेम निळी छटा होती.

"हेच," ते म्हणाले.

"सगळ्यात हळू आहे."

"सगळ्यात कमी घेतंय."



त्या संध्याकाळी कंपाउंडरनी माळ्यावरून मिक्श्चरची जुनी काचेची बाटली काढली, उकळत्या पाण्याने धुतली, वाळवली. तीत पॉलिश मोजून भरलं. कागद दुमडला, कोपरे कापले, पट्टी चिकटवली. चार डोस. दोन बाईंच्या बाजूच्या अर्ध्या बॉनेटला, दोन दुसऱ्या अर्ध्याला. मधे तीन तासांची विश्रांती. बॉनेटच्या मधोमध, काचेपासून नाकापर्यंत, एकच लांब टेप. लेबलवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: हलवून वापरणे. उन्हात देऊ नये.

शनिवारी सूर्य भिंतीआड होता तेव्हा पहिला डोस झाला. साडेनऊला दुसरा, ऊन पलीकडच्या बाजूने चढत होतं, म्हणून त्यांनी चादर बांधून सावली केली. अकराला बाईंची बाजू तयार होती. त्या निळ्यात समोरची गॅलरी दिसत होती, दोरीवरचे कपडे दिसत होते, चिमटेसुद्धा. टेपच्या पलीकडे फळा.

बाईंनी वरून पाहिलं. "अहो, ती अर्धी गाडी कुणाची आहे?"

"ओळखीच्या एका बाईंची."

जेवताना ते डावा दंड चोळत होते. बाईंनी विचारलं तर म्हणाले, घासून घासून भरून आलाय.

"मग घासायच्या हाताचा भरून यायला हवा. तुमचा उजवा."

"दोन्ही वापरले. थोडा पडतो. साडेतीनला ऊन उतरेल."

साडेतीनला ते खाली गेले. चार वाजता बाईंनी गॅलरीतून चहासाठी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग काठी घेऊन निघाल्या. एकतीस पायऱ्या होत्या. काय बोलायचं ते त्या उतरताना जुळवत होत्या.

कंपाउंडर स्टुलावर बसले होते, पाठ पुढच्या चाकाला टेकलेली. मांडीवर फडकं, चौघडी केलेलं, वरची बाजू स्वच्छ. शेजारी बाटली. झाकण जमिनीवर उलटं, आतली बाजू वर.

डॉक्टर म्हणाले, एक मिनिटही लागलं नसेल.

लेक आणि जावई रविवारऐवजी त्याच संध्याकाळी पोहोचले. येऊ नको म्हणून भंगारवाल्याला कुणीतरी कळवलं. पुढचे तीन आठवडे माणसं येत राहिली, गाडीच्या बाजूने वाट काढत राहिली. टेपला कुणी हात लावला नाही.

मग एका सकाळी जावई गाडीभोवती एक फेरी मारून आला. तयार बाजूपाशी थांबला. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं असणार, कारण त्याने केस सारखे केले.

"नेऊ या," तो म्हणाला. थोड्या वेळाने नवं फडकं घेऊन आला. "आई, उरलेलं मी करून टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्ध्या तासाचं नाही," बाई म्हणाल्या. "दोन डोस आहेत. मधे तीन तास थांबायचं असतं."

"मग थांबतो."

"नको."

त्याने फडकं घडी करून परत ठेवलं.

लेकीने गाडी काढली. जावई मागे बसला. बाई चार दिवसांसाठी लेकीकडे निघाल्या होत्या, आणि त्या गाडीत पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसल्या. ती सीट कंपाउंडरची. पाय आखडून बसायची त्यांची सवय होती, म्हणून ती पुढे ओढलेली होती. लेक मागे सरकवायला वाकली तर बाईंनी तिचा हात बाजूला केला.

त्या सीटवरून समोर फळ्यासारखाच अर्धा भाग येतो. चमकणारा अर्धा चालवणाऱ्यापुढे असतो.

बाटली समोरच्या कप्प्यात आहे, कापसात गुंडाळलेली, झाकण घट्ट लावलेलं. पट्टीवर चार खाचा आहेत. पॉलिश दुसऱ्या खाचेपाशी थांबलेलं आहे. वहीत शनिवारच्या तारखेखाली दोन ओळी भरलेल्या आहेत. तिसऱ्या ओळीत "दुसरी बाजू, डोस तिसरा" एवढं लिहिलंय. वेळेची जागा मोकळी आहे.