गुरुजींनी वाटलेलं गोत्र

"गोत्र?"

कुणीही भेटलं की गुरुजींचा पहिला प्रश्न हा. नमस्कार नंतर. टेलिफोनची तार जोडायला आलेल्या माणसाला त्यांनी तो शिडीवर असतानाच हे विचारलं होतं, आणि तो बिचारा उत्तर द्यायला खाली उतरला होता. गुरुजींचा इलाज नव्हता. वाराणसीत रामघाटावर यात्रेकरूंची श्राद्धं आणि पूजा सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. समोर माणूस आला की त्याचं गोत्र, गाव, बाप, आजा, पणजा विचारायचा, हेच काम. त्यांना स्वतःला मात्र कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, मग विचारणार कोण?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मी दोन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. कॅफे म्हणायचं इतकंच. चहा समोरच्या टपरीवरून यायचा. परदेशातल्या एका यजमानाची ईमेल बघायला गुरुजी प्रथम आले. शेजारी कॉलेजची मुलं चॅटिंग करत होती.

"हे कुणाशी बोलतायत गं?"

"जगाशी, गुरुजी."

"मग माझीही ओळख करून दे की."

तेव्हापासून दुपारची भांग-विश्रांती सोडून ते माझ्याकडे येऊ लागले. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायची. येताना कानाला अत्तराचा फाया असायचा. पडद्यापलीकडे वास जात नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

चॅटवर नवा माणूस आला की तेव्हा सगळे तीन गोष्टी विचारायचे. वय काय, बाई की पुरुष, राहता कुठं. गुरुजी खूश झाले. "पाहिलंस? रीत सगळीकडे एकच!" मग ते ताठ बसले, डोळे मिटले आणि राहण्याचं ठिकाण पूजेच्या संकल्पात सांगतात तसं सांगू लागले. कोणतं द्वीप, कोणतं वर्ष, कोणत्या नदीचा कोणता तीर, आजची तिथी, नक्षत्र. काशीच्या संकल्पात एक नाव येतं, महाश्मशान. मी इमानदारीत त्याचंही भाषांतर केलं. म्हणजे पडद्यावर असं दिसलं, की भागीरथीच्या पश्चिम तीरावर, मोठ्या स्मशानात राहणारे एक म्हातारे गृहस्थ सर्वांना नमस्कार सांगतायत.

अर्धी मंडळी तिथेच पळाली. जी तीन टिकली ती गुरुजींची दोस्त झाली. फिनलंडची एक शाळामास्तरीण, ब्राझीलचा एक सुतार आणि कॅनडाची एक आजी. यात्रेकरूंना गावाच्या नावानं हाक मारायची सवय, म्हणून गुरुजींसाठी ते फिनलंडवाली, ब्राझीलवाला आणि कॅनडावाली.

ही तिघं एकमेकांना सारखं काहीतरी विचारत. आवडता रंग कोणता? सकाळी उठल्यावर काय खाता? पहिल्यांदा इतकं कशावर हसलात की पोट दुखलं? गुरुजी आधी बावचळले.

"आवडता रंग? अगं, हे मला कुणी पूछलंच नाही कधी. रुक, सोचू दे."

सोचायला त्यांना दुसरा दिवस उजाडला. दारातूनच ओरडले, "पिवळा! हळदीचा नाही हं, गेंद्याचा, म्हणजे झेंडूचा. नीट लिही!" फळ लंगडा आंबा. न्याहारी कचोरी-जिलबी, पण संध्या झाल्यावर. उत्तरं देताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की माझी बाकीची गिऱ्हाईकं काम टाकून ऐकत बसायची. साठीच्या पुढे माणसाची स्वतःशी ओळख होताना तुम्ही कधी पाहिलीय? मी पाहिली. फार मजेचं असतं ते.

एका प्रश्नाला मात्र ते अडले. कॅनडावालीनं आपल्या नातवंडांचं सांगून विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

गुरुजी पंच्याचं टोक चाळवत बसले. मग म्हणाले, "लिही, बिजली गेली."

डोक्यावर पंखा गरगरत होता. मी लिहिलं, बिजली गेली. वाराणसीबद्दल हे कुणालाही पटतं. गुरुजींना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, मूल नव्हतं. गल्लीला ठाऊक होतं, म्हणून गल्लीनं कधी विचारलं नव्हतं. त्यानंतर तो प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा आमच्याकडची बिजली गेली.

आता गुरुजी इतकं सगळं सांगत होते, तर उलट विचारणारच. "गोत्र?" तिघांनाही कळेना. मी समजावलं, की फार जुना मूळपुरुष असतो, त्याच्या नावानं कूळ ओळखतात. त्यांना कुठून माहीत असणार! गुरुजींनी हात हलवला. "चिंता नको. ज्याला गोत्र पता नाही, त्याचं काश्यप." शास्त्रातली सोय आहे ती. तिघंही हरखली. कॅनडावालीनं तर आपल्या नावापुढे काश्यप लावूनच टाकलं.

आणि इथे घोटाळा झाला. पुढच्या होळीच्या सुमारास फिनलंडवालीनं बातमी दिली. ती आणि ब्राझीलवाला मध्ये कुठेतरी भेटले होते, एकमेकांना आवडले होते, आणि लग्न करणार होते. गुरुजींनी आशीर्वाद द्यावा.

मी टाळ्या वाजवल्या. गुरुजींचा चेहरा पडला.

"सगोत्र," ते म्हणाले. "बहीण-भाऊ झाले की गं ते!"

"गुरुजी, ते कुठे आपल्यातले आहेत? त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांना नसेल. गोत्र मी दिलंय ना? आता कामाच्या वेळी ते झूठ होतं म्हणू? मग बाकी जन्मभर जे सांगितलं ते काय?"

उठून गेले. बरेच दिवस आले नाहीत. पडद्यावर फिनलंडवाली विचारत राहिली, गुरुजी रागावले का? तिला खरंच वाईट वाटत होतं. मला तर तिचा आणि गुरुजींचा, दोघांचाही राग येऊ लागला होता.

मग एका सकाळी गुरुजी आले, आणि मागून नऊवारीतल्या काकू. काकू माझ्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. हातात नारळ, तांदूळ आणि खण.

"यांनी काल रडत रडत सांगितलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, इतकी वर्षं देवाकडे मागितली, आता मुलगी आपणहून आशीर्वादासाठी अडून बसलीय, तर सोचता काय? दत्तक घ्या. आपलं शांडिल्य गोत्र मिळेल तिला. झगडा खतम."

मी सगळं फिनलंडला कळवलं. तिनं विचारलं, मला काय करावं लागेल? गुरुजी म्हणाले, "काही नाही. गर्मीत लंगडा खायला माहेरी यायचं." दत्तक देणाऱ्याची संमती लागते, म्हणून तिच्या वडिलांना विचारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वडील म्हणतात खुशाल घ्या, पण आंबे मलाही हवेत.

गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावर तिनं आपला फोटो पाठवला. तेव्हा फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचा. आधी आभाळ आलं, मग केस, मग थोडं कपाळ, आणि लाइन कटली. मी पुन्हा जोडायला धावले.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "डोकं आलंय. तेवढंच लागतं."

दत्तकविधीत बाप मुलाच्या मस्तकाचा वास घेतो. गुरुजी मंत्र म्हणत पुढे वाकले आणि त्या पिवळट केसांवर, तापलेल्या काचेवर, त्यांनी नाक टेकलं. काकूंनी कीबोर्डापुढे ओटी ठेवली. गिऱ्हाईकं उभी राहिली होती. मी मेली काउंटरमागे तोंड लपवून रडत होते आणि हसतही होते.

लग्न तिकडेच झालं. गल्लीत पेढे इकडे वाटले.

त्यानंतरची एक दुपार. चॅटवर कुणी नवा आला होता. वय, गाव, रंग, आंबा, सगळं सांगून झालं, आणि त्यानं विचारलं, मुलं किती? माझी बोटं सवयीनं बिजलीकडे वळली. गुरुजींनी माझा हात बाजूला सारला, चष्मा पुसला, आणि एका बोटानं अक्षरं शोधत स्वतः लिहायला लागले. एक. मुलगी. शाळेत शिकवते. फिनलंडला दिलीय.

पाठवणार तोच पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. या खेपेला बिजली खरंच गेली होती.

"गुरुजी, आता तास-दोन तास काही येत नाही. सगळं पुसलं गेलं. घरी जा, उद्या लिहू."

"तू दुकान उघडं ठेव," गुरुजी म्हणाले, आणि बोट तसंच वर धरून बसून राहिले. "मी फिरून लिहितो."