स्कोअरच्या फोटोतला माणूस

जुने अंक जमवणारे अजूनही ग्लेनिस ट्रँटरच्या दारात येतात. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले बाप्ये. पण 'स्क्रीनफुल'चा अंक हातात आला की त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढतं, जे स्वतःच्या लग्नातही चढलं नसेल. ग्लेनिस त्यांना चहा पाजते, हवं ते सांगते. फक्त पंच्याऐंशीचा नोव्हेंबरचा अंक कुणी पुढे केला, की म्हणते, "तो आधी उचला माझ्या टेबलावरून."

इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या एका गावात, बेकरीच्या माडीवर या मासिकाचं कार्यालय होतं. ग्लेनिस त्याआधी गालिच्यांच्या कारखान्यात होती. युनियनपायी मुकादमाशी भांडली आणि बाहेर पडली. इथे तिच्याकडे आलं 'विक्रमवीर' हे पान. कॉम्प्युटरवरच्या खेळात किती गुण केले, याचा पुरावा म्हणून वाचक टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायचे. नियम साधा: खिडक्यांचे पडदे ओढा, दिवे घालवा, फ्लॅश मारू नका. निम्मे पठ्ठे फ्लॅश मारायचेच, आणि विक्रमाच्या जागी नुसता पांढरा झोत यायचा.

ग्रिम्सबीची मेरियन ऑडी मात्र वेगळीच चूक करायची. फ्लॅश नाही, पण खोलीतला दिवा चालू. त्यामुळे आकड्यांच्या भोवती, काळ्या काचेत, तिची सगळी खोली उतरायची. जुलैच्या फोटोत कॅमेरा धरलेली बाई, तिच्यामागे बंद दार, आणि दाराला खुर्ची टेकवून बसलेला पुरुष. ऑगस्टमध्ये तेच. सप्टेंबरमध्येही तोच, त्याच खुर्चीत. आणि बाईचा एक हात प्लास्टरमध्ये.

ग्लेनिसने तिन्ही फोटो ओळीने मांडले.

"रोलंड, इकडे ये. हा माणूस बघ."

संपादक रोलंड पीक, जेमतेम चोविशीचा, च्युइंगगम चघळत आला. "नवरा असेल. बायको खेळतेय, बिचारा चहाची वाट बघतोय."

"दाराला पाठ लावून? दर महिन्याला?"

"ग्लेनिसबाई, तुम्हाला प्रत्येक नवऱ्यात मुकादम दिसतो!"

"निम्मे असतातच. आणि हे गुण बघ. एवढे करायला दिवसच्या दिवस बसावं लागतं. ही बाई घराबाहेर पडतच नाहीये. दिवा ती मुद्दाम लावते रे. फोटो धुऊन टपालात तोच टाकत असणार, आकड्यांपलीकडे बघत नसणार. फोटो छापू नकोस, त्याला कळेल."

"बरं बाई, नाही छापत."

तिने ग्रिम्सबीच्या पोलिसांना फोन लावला. पलीकडचा शिपाई हसला. "नवरा स्वतःच्या घरात बसला, हा गुन्हा कधीपासून झाला हो?"

ग्लेनिसने फोन आपटला. कायद्याला बाईचं मढं लागतं. त्याआधी तो खुर्चीतून उठत नाही.

नोव्हेंबरच्या अंकाचे गठ्ठे छापखान्यातून आले. तिने पान उघडलं. पहिला क्रमांक मेरियनचा, मोठा फोटो, खाली रोलंडचा विनोद: "वहिनी, मागे बसलेल्या साहेबांनाही एक डाव द्या की!"

"अरे मेल्या, तू त्याला बोट दाखवून सांगितलंस!"

"गंमत होती ती…" रोलंडचं चघळणं थांबलं. वर्गणीदारांचे अंक आदल्याच दिवशी टपालात पडले होते, मेरियनचाही.

ग्लेनिस मिळेल त्या गाडीने निघाली. फोटोच्या पाकिटावरचा ग्रिम्सबीचा पत्ता शोधून दाराची घंटा वाजवली, तेव्हा दार उघडणाऱ्याच्या पायात सपाता होत्या आणि हातात अंक.

तिने मासिकाचं नाव सांगितलं. "यात मी आलोय," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "आमच्या घरात डोकावणाऱ्या तुम्हीच का?"

गाडीत बसून तिने एक थाप रचली होती. ती तिने गल्लीभर ऐकू जाईल अशी ठोकली. "अभिनंदन! मिसेस ऑडींना बक्षीस लागलंय! आत्ता कॉम्प्युटरच्या दुकानात चला, फोटो काढायचाय. नाहीतर दुसऱ्याला जाईल!"

शेजारीण पायरी घासत होती. ती उठून उभी राहिली. "अगं मेरियन! मला वाटलं तू माहेरी गेलीस!"

त्याच्या मागे मेरियन येऊन उभी होती. चार डोळे बघताहेत म्हटल्यावर त्याला हसावंच लागलं. "जाऊ की. मीही येतो."

झोपायच्या गाऊनवरच कोट चढवून ती निघाली. तो तिला चिकटूनच चालत होता. कोपऱ्यावर बस उभी होती.

"चढ," ग्लेनिस पुटपुटली.

मेरियनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. आणि चढली. ग्लेनिसने दोघींचं तिकीट काढलं. त्यानेही पायरीवर पाय ठेवला, खिसे चाचपले. पाकीट घरीच राहिलं होतं.

"ती माझी बायको आहे."

"असेल," ड्रायव्हर म्हणाला. "बायको दाखवून तिकीट मिळत नाही. उतरा खाली."

दार बंद झालं.

"कुठे नेताय मला?" मेरियनने विचारलं.

"आधी माझ्या घरी. पुढचं पुढे."

मेरियन मागच्या काचेतून बघत राहिली. तो ओरडला नाही, धावला नाही. फुटपाथवर उभा राहून त्याने सावकाश हातातला अंक उघडला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे कार्यालयाचा पत्ता छापलेला असे, आणि त्याखाली सगळ्यांची नावं, ग्लेनिसचंही.