बिनकॉलरचा सदरा

गल्लीतल्या सगळ्यांच्या कमरेची मापं मास्तरांना तोंडपाठ होती. एखाद्याची वाढायला लागली की ते अवाक्षर न काढता शिलाईत जागा सोडत. एवढा समजूतदार शिंपी विरळाच. खोड एकच: काम झालं की सुई कॉलरीत खोचायची. त्यामुळे मधुमेह जडला, इन्शुलिनचं पेन आलं, तेव्हा पोटाला टोचून झालेली सुईही कॉलरीतच मुक्कामाला गेली. ती सापडली धुणं भिजवताना, बायकोच्या बोटाला.

दवाखान्यात बायकोचं रक्त तपासलं आणि मास्तरांची अक्कल. नर्सबाईंनी सांगितलं, की जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. टोचलं की लगेच सुई त्यात. कचऱ्यात मोकळी टाकायची नाही, प्रवासातही बाटली बरोबर. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्कं करून इथे आणून द्या. मास्तरांनी धुण्याच्या साबणाची रिकामी बाटली ठेवली. हात मात्र कॉलरीकडेच जाई.

अशात लेकीला मुलगी झाली. आईकडून बोटाची हकिगत कळल्यावर तिने फोनवर शांतपणे सांगितलं, "बाबा, तुम्ही या. कॉलर आणू नका. बाळ खांद्यावर झोपतं."

नात मांडीवर मिळणार की लांबून दाखवणार, हा प्रश्न होता. मास्तरांनी तो धंद्याच्या पद्धतीने सोडवला: स्वतःसाठी बिनकॉलरचा सदरा शिवला.

बसमध्ये मास्तरांच्या एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला एक प्रवासी. मांडीवर साबणाची बाटली पाहून त्याने विचारलं, लेकीकडे धुणं धुवायला चाललात का. मग तो झोपला. जेवणाआधी मास्तरांनी टोचून घेतलं. सुई घेऊन हात गळ्याशी गेला, कॉलर सापडेना, म्हणून त्याने जवळची कॉलर शोधली. ती शेजाऱ्याची होती.

बायकोने मनगट धरलं. "अहो, हे गृहस्थ आपले नाहीत."

सुई बाटलीत पडली. उरलेला प्रवास बायको मनगट धरूनच बसली. समोरच्या बाईंना तो म्हातारपणातला जिव्हाळा वाटला.

लेकीने दारातच बापाचे खांदे चाचपले, बाह्या चाचपल्या, बाटली हलवून तिचं झाकण ओढून पाहिलं आणि कपाटावर ठेवली. परत जाताना न्यायची, असं बजावलं. मगच बाळ खांद्यावर दिलं.

बाळाने गाल नेमका कॉलरीच्या जागी टेकला. मास्तर बराच वेळ हलले नाहीत. मग एका हाताने त्यांनी हळूच नातीच्या कमरेला वीत लावली. शिलाईत भरपूर जागा सोडावी लागणार होती.