वर्गातली झोळी

दसरा झाला की गावात ट्रॅक्टरच्या धुराचा वास भरतो आणि मला ती सकाळ आठवते. ऊसतोडीला निघालेली ट्रॉली पारापाशी उभी होती. सरपण, पिठाचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वर चढलं होतं आणि त्या ओझ्यावर मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसले होते. आमची शाळा काढणाऱ्या बाई पदर खोचून आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पोरीला उतरवा." वडील म्हणाले, "बाई, आमी दोघं फडात गेल्यावर ह्या लेकराला कोण बघंल? माझी माय दिसभर शेरडांमागं असती." मुकादम खाली उभा राहून ओरडत होता. बाई शिक्षणाचं काही बोलल्याच नाहीत. त्यांनी हात वर केले आणि माझ्या मांडीवरून भावालाच उचलून घेतलं. "रात्री तुमच्या मायकडं, दिवसा माझ्याकडं. आता उतरवा तिला." आई तोंडाला पदर लावून बघत राहिली आणि वडिलांनी मला खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आढ्याला बाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली होती. पाढे म्हणता म्हणता आम्ही पोरी आळीपाळीने तिची दोरी ओढायचो. सतराच्या पाढ्याला तो हमखास रडायचा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा शाळेच्या नव्या वर्गाचा स्लॅब टाकताना गवंड्याने मला विचारलं, "मॅडम, पंख्याची कडी बसवली, मग ही दुसरी कशाला?" मी म्हणाले, "असू दे. दसऱ्यानंतर लागते."